आधी कीर्द, मग खतावणी

लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानात हिशोबाची संगणकप्रणाली बदलण्याची चर्चा चालू असताना विक्रेत्याने दिलेले आश्वासन मी परवा ऐकले : ‘एकदा डेटा क्लाउडवर गेला की त्याला काही होत नाही.’ दुकानमालकांना ते लगेच पटले, कारण मागच्या वळवाच्या पावसात विजेच्या एका झटक्याने त्यांचा संगणक गेला होता आणि राखीव प्रत ज्या पेनड्राइव्हवर होती, तो त्याच संगणकाला लावलेला होता. मला मात्र ते आश्वासन अर्धेच खरे वाटते. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतले संगणकच. तेथेही डिस्क बिघडते आणि तेथेही वीज जाते. तरीही माहिती टिकते, ती आपल्या मुनिमांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या एका शिस्तीमुळे.

माहिती तक्त्यांमध्ये ठेवावी आणि तक्ते सामाईक मूल्यांनी एकमेकांशी जोडावेत, ही रिलेशनल डेटाबेसची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. शेतकऱ्यांचा एक तक्ता, आवकेचा दुसरा, पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांचा, तिसरा, आणि दुवा खातेक्रमांकाचा. असा डेटाबेस चालवण्याचे काम, म्हणजे यंत्र, डिस्क, राखीव प्रती आणि आवृत्तीतील दुरुस्त्या, भाड्याने करून देणारी सेवा ॲमेझॉनने २००९ मध्ये सुरू केली. आज इतरही कंपन्या ती देतात. पडद्यावरच्या अर्जात यंत्राचा आकार, डिस्क आणि ठिकाण निवडले की काही मिनिटांत डेटाबेस तयार होतो. त्यातला खरा रस मात्र एका साध्या फाइलीत आहे.

मुनीम दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत ओळीने उतरवतो आणि सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो. डेटाबेसही तसेच करतो. सोयाबीनची ५४,००० रुपयांची पट्टी झाली, तर शेतकऱ्याच्या खात्यात जमा आणि खरेदीदाराच्या नावे अशा दोन नोंदी एकत्रच व्हायला हव्यात. एक झाली आणि वीज गेली, तर हिशोब बिघडला. म्हणून बदल प्रथम ‘लॉग’ नावाच्या फाइलीच्या शेवटी लिहिला जातो, तो डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री केली जाते आणि त्यानंतरच ‘व्यवहार पूर्ण’ असे उत्तर दिले जाते. तक्त्यांची पाने डिस्कवर विखुरलेली असतात, त्यामुळे ती मागाहून बदलली तरी चालतात. शेवटी एक ओळ जोडणे मात्र झटपट होते.

वीज परत आल्यावर काय होते, हा मला सर्वांत आवडणारा भाग. कीर्दीतील, म्हणजे लॉगमधील, प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, आणि खतावणीच्या, म्हणजे तक्त्यांच्या, प्रत्येक पानावर, त्या पानाला शेवटचा हात लावणाऱ्या नोंदीचा क्रमांक असतो. नोंद ९१२ ची आहे आणि पानावर ९०५ दिसतो, तर ती नोंद पानावर चढायची राहिली आहे, ती चढवायची. पानावर ९१२ किंवा त्यापुढचा क्रमांक असेल, तर सोडून द्यायची. मद्रास आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तर अर्धवट राहिलेले व्यवहारही आधी पुन्हा घडवले जातात, म्हणजे वीज गेली त्या क्षणाची हुबेहूब स्थिती उभी केली जाते, आणि मगच ते उलटवले जातात. प्रत्येक उलटवणुकीचीही कीर्दीत नोंद होते आणि पुढे कोणती नोंद उलटवायची उरली आहे याचा निर्देश तिच्यात असतो, त्यामुळे दुरुस्ती चालू असताना वीज पुन्हा गेली तरी एकच गोष्ट दोनदा उलटवली जात नाही. हे एका वाचनात डोक्यात शिरले नाही तर वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. मलाही कागदावर पाने आखावी लागली होती.

क्लाउडमध्ये पैसे मोजून याच्या जोडीला दुसऱ्या इमारतीत तयार बसलेला जोडीदार डेटाबेस घेता येतो. काही सेवांत कीर्दच त्याच्याकडे धाडली जाते, काहींत डिस्कवरचे प्रत्येक लेखन दोन्हीकडे होते. दुसरीकडून पोच आल्याशिवाय ‘पूर्ण’ म्हणायचे नाही, हा नियम. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून दोन इमारतींत १०० किलोमीटर अंतर असले तरी जाऊन येण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. प्रत्येक व्यवहाराला हा भुर्दंड पडत असल्याने अशा इमारती एकमेकींपासून फार दूर ठेवत नाहीत. ॲमेझॉनचे केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहे. लातूर-नांदेडला हैदराबादच जवळचे.

पण जोडीदार म्हणजे राखीव प्रत नव्हे, आणि विक्रेते नेमके हेच सांगत नाहीत. कोणी चुकून सगळ्या पट्ट्या पुसल्या, तर जोडीदारही त्या क्षणात पुसतो. तेथे पुन्हा कीर्दच कामी येते : रात्रीची पूर्ण प्रत घ्यायची आणि तिच्यावर जपून ठेवलेली कीर्द दुपारी ३ वाजून ४१ मिनिटांपर्यंतच, म्हणजे चुकीच्या मिनिटभर आधीपर्यंत, चढवायची. ॲमेझॉनच्या या सेवेत स्वयंचलित प्रती जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात, आणि मुदतीच्या रकान्यात शून्य भरले तर मुळीच राहत नाहीत. लक्ष्मीपूजनाला संगणकावर स्वस्तिक काढून कडेला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी तो रकाना एकदा तरी उघडून पाहावा.

परत मिळवलेली माहिती जुन्या डेटाबेसवर न चढता नव्या पत्त्यावर वेगळा डेटाबेस म्हणून उभी राहते, हेही आधी ठाऊक हवे. नाहीतर प्रत शाबूत असूनही दुकानातला संगणक जुन्याच पत्त्यावर रिकाम्या पट्ट्या दाखवत राहतो. दुकानमालकांना मी सुचवले आहे की करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून माहिती परत मिळवण्याची ही उजळणी समोर बसून एकदा करून घ्यावी, आणि डेटाबेसचा दरवाजा सगळ्या इंटरनेटला उघडा नाही ना, हेही त्याच बैठकीत विचारावे.