‘रक्तातच आहे त्यांच्या’

अमरावती-यवतमाळकडच्या खेड्यांत पोट्टं झोपत नसलं की आजी अजूनही म्हणते, ‘झोप बेटा, नाही तर पारधी येईल.’ पोट्ट्यानं पारधी पाहिलेला नसतो, आणि बहुधा आजीचंही पारध्यानं कधी काही बिघडवलेलं नसतं. उलट तिच्या सासूच्या काळी टाकणकर अंगणात बसून जात्याला टाकी लावून द्यायचे, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करायचे. हे टाकणकर पारध्यांपैकीच. अनुसूचित जमातींच्या यादीत आजही दोघं एकाच नोंदीत आहेत. तितर-लाव्हे फाशात धरणारे ते फासेपारधी. विजेची चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि टाकणकराचं अंगणात येणंही थांबलं. ओळख गेली, भीती तेवढी राहिली.

गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या माणसाबद्दल गावाला संशय पूर्वीपासून होता, जातीची उतरंडही होतीच. पण त्या संशयाला कायद्याचा शिक्का बसला तो इंग्रजांच्या काळात. 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यामागचा हिशेब सोपा होता : सुताराचा पोरगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा चोरच. आपलीच जातिव्यवस्था आपल्यासमोर पुरावा म्हणून मांडली गेली! गुन्हेगारी वंशातून येते, ती कवटीच्या ठेवणीवरून ओळखता येते, असं तेव्हा युरोपातले विद्वानही सांगू लागले होते.

सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरत्या असलेल्या या कायद्याची व्याप्ती 1911 मध्ये वाढली, 1924 मध्ये त्याची नव्यानं बांधणी झाली. जमात एकदा जाहीर झाली की नावनोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवायचा अधिकारही सरकारनं घेतला होता. एका घरातली लेकरं अशी उचलून नेता येत होती, आणि दुसऱ्या घरातली लेकरं त्यांच्याच नावानं झोपवली जात होती.

31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण गावात चोरी झाली की संशय आजही आधी बेड्यावरच, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरच, जातो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही गुन्हा ठरली. जंगलासाठी ते योग्यच, पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना दुसरं काय दिलं, ते शोधावं लागतं.

आडनावांनी मात्र मोठी पंचाईत केली आहे. पारध्यांत पवार, भोसले, चव्हाण सगळे आहेत. म्हणून ओसरीवर पाणी देण्याआधी प्रश्न येतो, ‘कोणते पवार?’ लेकरं तो प्रश्न ऐकतात, आणि कोणी न शिकवता शिकतात.

ते मोडतंही घरातच. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं समाजातल्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा उभी केली, ते काम मोठंच. पण बेड्यावरची मुलगी गावातल्या शाळेत आपल्या लेकीच्या बाकावर बसते, तेव्हा प्रश्न आपल्या चुलीपर्यंत येतो. आमच्याकडे आलाच. आई ‘रक्तातच आहे त्यांच्या’ म्हणाली, तशी माझी लेक म्हणाली, ‘काहून असं म्हणतेस आजी? काल तिच्या डब्यातली भाकर मीच खाल्ली.’

आई दोन दिवस घुश्श्यात होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं नातीला विचारलं, ‘तिचा आजा जात्याला टाकी लावे का वं?’