गॅझेल कंपन्या: नोकऱ्या नेमके कोण देते?

‘लघुउद्योगच सर्वाधिक रोजगार देतात’ हे वाक्य आपल्याकडे सवयीचे झाले आहे. त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो अमेरिकेत, १९७९ मध्ये. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही संस्था कंपन्यांची पत तपासून नोंदी ठेवते. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचे संशोधक डेव्हिड बर्च यांनी त्यातल्या सुमारे ५६ लाख आस्थापनांच्या १९६९ ते १९७६ या काळातल्या नोंदी एकमेकींना जोडल्या आणि सांगितले, की निव्वळ नव्या नोकऱ्यांपैकी दोन-तृतीयांश २० किंवा त्याहून कमी माणसांच्या उद्योगांत निर्माण झाल्या.

१९९० च्या दशकात डेव्हिस, हाल्टिवांगर आणि शू या अर्थतज्ज्ञांनी या हिशेबातली खोच दाखवली. ती समजून घेण्याजोगी आहे. समजा, ५०० च्या आत लहान आणि वर मोठी कंपनी. एका कंपनीत यंदा ४९० माणसे आहेत, पुढच्या वर्षी ५१० झाली. सुरुवातीचा आकार धरला, तर २० नोकऱ्या ‘लहान’च्या खाती जमा. त्यानंतरच्या वर्षी ती पुन्हा ४९० वर आली, की २० नोकऱ्यांची घट ‘मोठ्या’च्या माथी. प्रत्यक्षात एकही नोकरी वाढली नाही, तरी लहानांचे पारडे जड दिसते. यावर तोड म्हणून दोन्ही वर्षांच्या सरासरीने आकार ठरवायचा.

बर्च यांनाही सगळे लहान सारखे वाटत नव्हतेच. बहुतेक दुकाने-कारखाने आहेत तिथेच राहतात, मूठभर झेपावतात. त्यांना त्यांनी ‘गॅझेल’ म्हटले, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याच्या जातीचे हरीण. कसोटी होती विक्रीत दरवर्षी किमान २० टक्के वाढ. या वेगाने चार वर्षांत विक्री दुपटीवर जाते. पुढे ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि युरोस्टॅट (युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय) यांनी वेगवान वाढीची व्याख्या केली: सलग तीन वर्षे सरासरी २० टक्क्यांहून जास्त वाढ आणि सुरुवातीला किमान १० कामगार. म्हणजे कामगारसंख्येत मोजले, तर तीन वर्षांत १० चे १८ व्हायला हवेत. ही किमान अट नसेल, तर एकाचे दोन झालेले दुकानही शंभर टक्के वाढीचे ठरते. दुसरी कंपनी विकत घेऊन वाढलेली संख्याही वजा करावी लागते. ती माणसे आधीपासून कामावरच होती.

२०१३ मध्ये हाल्टिवांगर, जार्मिन आणि मिरांडा यांनी अमेरिकी जनगणना विभागाच्या नोंदींत कंपनीचे वय मिसळले, आणि आकार व वाढ यांचा ठाम संबंध उरलाच नाही. वाढत होत्या त्या तरुण कंपन्या. त्यांतल्या बऱ्याच लवकर बंदही पडतात, हे विसरून चालणार नाही.

भारतात हा मुद्दा जास्तच बोचतो. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने १०० पेक्षा कमी कामगार आणि १० वर्षांहून जास्त वय असलेल्या कंपन्यांना ‘खुजे’ ठरवले. संघटित कारखानदारीत संख्येने त्या निम्म्याहून अधिक, पण रोजगारात वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. पाहणीच्या मते, लहान राहिल्यासच सवलती मिळत असतील तर वाढायचे कशाला, हे यामागचे कारण. म्हणून सवलती वयाशी जोडाव्यात, अशी तिची सूचना होती. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी रुपये झाली. वयाची अट मात्र त्या व्याख्येत नाही.