'क्ष'ची किंमत 'य'मध्ये

दोन अज्ञातांची दोन समीकरणे सोडवताना एका समीकरणातून क्षची किंमत यच्या रूपात काढायची आणि दुसऱ्या समीकरणात ठेवायची. वहीत हे तीन ओळींत उरकते. पण एका अज्ञात संख्येला दुसरीच्या रूपात लिहिता येते, ही सोय हाती यायला फार काळ गेला.

सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या एका बॅबिलोनी मातीच्या पाटीवर दोन शेतांचे गणित आहे. क्षेत्र मिळून १८००, दोन्हींत तेवढ्याच जमिनीमागे मिळणारे धान्य वेगळे, उत्पन्नातला फरक ५००. तिथे दोन्ही शेते आधी ९०० ची मानली आहेत आणि किती चुकले ते पाहत १२०० व ६०० हे उत्तर काढले आहे. युक्ती सुंदर, पण अज्ञाताला नाव नाही.

नाव आपल्याकडे मिळाले, तेही बहुतेक रंगांचे. पहिले अव्यक्त, म्हणजे अज्ञात संख्या, यावत्तावत् ('जितके तितके'); पुढची रंगांची: कालक (काळा), नीलक (निळा), पीतक (पिवळा). लिहिताना नुसते या, का, नी, पी. अनेक वर्णांच्या, म्हणजे अनेक अव्यक्तांच्या, समीकरणांचा नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये दिला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' ग्रंथात तो नीट उलगडला: पहिला वर्ण एका बाजूला ठेवा, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला न्या आणि भागून त्याची 'उन्मिती', म्हणजे किंमत, काढा. मिळालेली किंमत जागेवर ठेवण्याला शब्द होता 'उत्थापन'. मला हा शब्द आजच्या 'प्रतिस्थापना'पेक्षा जिवंत वाटतो.

त्याच ग्रंथातले एक उदाहरण पाहा. एक जण म्हणतो, "मित्रा, मला १०० दे, मी तुझ्या दुप्पट धनवान होईन." दुसरा म्हणतो, "तू मला १० दे, मी तुझ्या सहापट होईन." भास्कराचार्य दोन अव्यक्ते घेतच नाहीत. पहिल्याचे धन २या − १००, दुसऱ्याचे या + १००. पहिली अट मांडणीतच भागली! दुसरीवरून या + ११० = ६(२या − ११०), म्हणून या = ७०. धने ४० आणि १७०. किंमत ठेवण्याची पायरी इथे गणित सुरू होण्याआधीच पार पडली आहे. वर्गात ही पद्धत शिकवताना हे उदाहरण आधी घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची त्यात नोंद आहे. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.