अॅम्प्लिफायरच्या आधीचा डबा : पॉवर कंडिशनरची पार्श्वभूमी

भिंतीचा सॉकेट आणि ऑडिओ उपकरणं यांच्यामध्ये बसवून वीज स्थिर किंवा स्वच्छ करणारा डबा म्हणजे पॉवर कंडिशनर. तो लावल्यावर आवाज सुधारतो की बिघडतो, यावरून होम ऑडिओच्या हौशी मंडळींत वर्षानुवर्षं दोन तट आहेत. माझ्या मते दोन्ही तटांचे कान खरं सांगतात. वाद मिटत नाही, कारण या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि त्यांतली बरीचशी मुळात संगीतासाठी बनलेलीच नव्हती.

अमेरिकेत जोसेफ सोला यांनी १९३८ साली कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर शोधला. आपल्याकडे प्रयोगशाळांत आणि कॉम्प्युटरच्या खोल्यांत तो ‘सीव्हीटी’ म्हणून ओळखीचा झाला. आत हलणारा एकही भाग नाही. बाहेरचं व्होल्टेज बरंच खालीवर झालं तरी आउटपुट जवळजवळ स्थिर. पण साध्या सीव्हीटीतून निघणाऱ्या विजेच्या लहरीचा माथा चपटा असतो आणि अॅम्प्लिफायरला नेमका तो माथाच हवा असतो. २३० व्होल्टच्या साइन वेव्हचं (विजेच्या गोलसर चढउताराच्या लहरीचं) टोक सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातं, आणि जुन्या धाटणीच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) त्या टोकाशीच भरतात. टोक कापलं की मीटर २३० दाखवत असला तरी अॅम्प्लिफायरच्या पोटात डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) कमी पडतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर स्वतः तापतो आणि गुणगुणतो. पुढे लहर गोल करणारी जादा वाइंडिंग आली, गुणगुण मात्र राहिलीच.

दुसरी शाखा संरक्षणाची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर (व्होल्टेज अचानक वाढलं की जादा वीज वळवणारा भाग) तयार झाला आणि विजेचा अचानक आलेला फटका झेलणं स्वस्त झालं. जिम फरमन यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे रॅकमध्ये (उपकरणं एकावर एक बसवण्याच्या चौकटीत) बसणारे कंडिशनर पुढे स्टेजवर आणि स्टुडिओत सर्रास दिसू लागले. त्यांतल्या साध्या मॉडेलांचं काम माफक होतं : फटका थोपवायचा, थोडा गोंगाट गाळायचा आणि रॅकवर उजेड पाडायला दिवे द्यायचे.

महाराष्ट्रात दुखणं वेगळं होतं. गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज बसायचं, म्हणून घरोघरी टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर आला. रिलेचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना ‘टक्’ करतो, आणि ती टक् कधीकधी स्पीकरमधूनही ऐकू येते. सर्व्हो स्टॅबिलायझरमध्ये मोटर कार्बन ब्रश सरकवते, त्यामुळे बदल सावकाश होतो. खांबावर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. तिथे आवाजाच्या गोडीची चर्चा थांबवून हाय-व्होल्टेज कटऑफ असलेला डबा आधी लावावा, असं मी आग्रहाने सांगेन.

संगीतासाठी म्हणून खास विक्री जोरात झाली ती १९९० च्या दशकात, पुन्हा अमेरिकेत. वादाची खरी गाठ इथे आहे. पॉवर अॅम्प्लिफायर वीज संथ धारेने ओढत नाही. ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा, लहरीच्या टोकाशी, काही मिलिसेकंदांत तो मोठा घोट घेतो. वाटेत जाड चोक (तारेचं वेटोळं) किंवा अपुऱ्या क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट जोडणी न ठेवता वीज पुढे देणारा) घातला की तो घोट अडतो. तबल्याची थाप मोठ्या आवाजात दबलेली वाटली, तर कारण तिथे असू शकतं. म्हणूनच अनेक अॅम्प्लिफायर बनवणारे सांगतात की थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. पीएस ऑडिओ या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली : आत चक्क एक अॅम्प्लिफायर बसवून साइन वेव्ह नव्याने तयार केली. कल्पना पटण्यासारखी, पण सुरुवातीच्या मॉडेलांत बरीच वीज उष्णतेत जायची.

आपल्या घरांत आणखी एक घोळ होतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. फिल्टरमधले काही छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरचा गोंगाट अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग नसेल किंवा नावापुरतंच असेल, तर तोच फिल्टर उपकरणांच्या धातूच्या पेटीवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मं व्होल्टेज आणून ठेवतो. हात लावला की मुंग्या येतात आणि सिग्नलच्या वायरीतून हम (सततची गुणगुण) शिरतो. माणूस म्हणतो, कंडिशनरने आवाज बिघडवला. त्याचं म्हणणं बरोबर, फक्त उपाय जमिनीतल्या खड्ड्यात असतो.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं आणि शक्य असेल तर मेन बोर्डावरून ऑडिओला स्वतंत्र लाइन. व्होल्टेज खरोखर हलत असेल तर ऐसपैस क्षमतेचा सर्व्हो. फिल्टर लावायचाच तर डॅक (डिजिटल संगीताचं अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र), प्रीअॅम्प, टर्नटेबल अशा कमी वीज खाणाऱ्या वस्तूंना. अॅम्प्लिफायरमधला टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असेल तर विजेत मिसळलेला डीसी हे एक नेहमीचं कारण. त्यावर डीसी ब्लॉकर लागतो, साधा कंडिशनर तिथे काही करू शकत नाही.