न्यायाधीशांची नेमणूक: ‘विचारविनिमय’ या शब्दाचा प्रवास

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नियुक्ती राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १२४ सांगतो. हा विचारविनिमय म्हणजे नुसता सल्ला की संमती, हाच पुढच्या सगळ्या वादाचा गाभा आहे. संमती आवश्यक करावी, अशी सूचना मे १९४९मध्ये संविधान सभेत आली होती. सरन्यायाधीशही अखेर माणूसच असतात, त्यांच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे ठरेल, असे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती अमान्य केली.

सरकारच्या हाती राहिलेल्या या अधिकाराचे खरे रूप १९७३मध्ये दिसले. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला लागला आणि दुसऱ्याच दिवशी न्या. शेलट, न्या. हेगडे व न्या. ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून न्या. अजितनाथ राय यांची सरन्यायाधीशपदी निवड जाहीर झाली. हे तिघेही संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या बहुमतात होते, तर राय अल्पमतात होते. तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीतही व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने एकाकी भिन्नमत नोंदवणारे न्या. हंसराज खन्ना यांच्या वाट्याला जानेवारी १९७७मध्ये तेच आले. या दोन घटना लक्षात घेतल्याशिवाय न्यायालयाची पुढची भूमिका समजूच शकत नाही, असे मला वाटते.

तरीही १९८१च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने अंतिम शब्द सरकारचाच मानला. तो निकाल १९९३मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने फिरवला, सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले आणि त्यातून न्यायवृंदाची (कॉलेजियम), म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाने नावे सुचवण्याची, पद्धत आली. १९९८मध्ये या न्यायवृंदात सरन्यायाधीशांसह पाच ज्येष्ठ न्यायाधीश असावेत, असे ठरले. संविधान सभेने जे नाकारले होते, ते असे अर्थ लावण्याच्या मार्गाने आले, हे मान्य करावेच लागेल. मात्र हा अधिकार एका व्यक्तीकडे नव्हे, तर समूहाकडे गेला, हा फरकही लहान नाही.

संसदेने २०१४मध्ये ९९वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या आणि कोणतेही दोन सदस्य एखादे नाव रोखू शकत होते. न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे ठरवून १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ही दुरुस्ती रद्द केली. भिन्नमत नोंदवणाऱ्या न्या. चेलमेश्वर यांनी न्यायवृंदाच्या बंद दारांवर नेमके बोट ठेवले होते. ऑक्टोबर २०१७पासून न्यायवृंदाचे ठराव जाहीर होऊ लागले. सरकारने परत पाठवलेले नाव न्यायवृंदाने पुन्हा एकमताने सुचवले, तर नियुक्ती बंधनकारक असते. ती किती दिवसांत करावी, हे मात्र राज्यघटनेत लिहिलेले नाही, त्यामुळे शिफारस झालेली नावे महिनोन्महिने पडून राहतात.