‘एनए लागत नाही’ म्हणजे ‘परवानगी लागत नाही’ नव्हे

एनए (नॉन-अॅग्रिकल्चरल, बिगरशेती) म्हणजे काय, हे फार सांगत बसत नाही. शेतजमीन महसूल खात्याच्या लेखी बिगरशेती झाली, आकारणी बदलली, तसा सरकारी दाखला म्हणजे सनद हातात आली. प्लॉट बघायला एकदा तरी गेलेल्या माणसाला एवढं माहीत असतं. घोळ होतो तो त्याच्या पुढे. बांधकाम परवानगी ही एनएच्या पोटातच आहे, असं धरून लोक सरळ जोत्याचं खोदकाम सुरू करतात.

या घोळाला कायद्यांनीही हातभार लावलाय. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६चा आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, म्हणजे आपलं एमआरटीपी, तोही १९६६चाच. जमिनीचा वापर बदलायची प्रक्रिया महसूल अधिनियमाच्या कलम ४४मध्ये आहे आणि विकास परवानगीचा, म्हणजे बांधकामाला लागते तिचा, अर्ज एमआरटीपीच्या कलम ४४ खाली करायचा. कलम ४५ महसूल अधिनियमात विनापरवाना वापराच्या दंडाचं आहे, एमआरटीपीत परवानगी देण्या-नाकारण्याचं. त्यात नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, पुष्कळदा दोन्ही कागदांवर जिल्हाधिकारी कार्यालयाचाच शिक्का असतो. तेव्हा कुणी ‘कलम ४४ची ऑर्डर आहे’ म्हणालं, तर कुठल्या कायद्याची, हे तिथल्या तिथे विचारा.

आता खरा मुद्दा. २०१७ साली महसूल अधिनियमात कलम ४२-ब आलं. जमीन मंजूर विकास योजनेत असेल, तर त्या योजनेत दाखवलेल्या वापरासाठी वेगळी एनए परवानगी मागायची गरज उरली नाही. त्या तरतुदीत रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरायची, वर्ग-२ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर नजराणा किंवा अधिमूल्य, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरायची आणि सनद घ्यायची, असं होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी कलम ४२-डने अशीच सवलत दिली. (हे २०० मीटर गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. एजंट नेमका इथेच हात सैल सोडतो.) सवलत चांगलीच आहे, तिने शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले. पण गावोगाव तिची बातमी पोचली ती ‘आता एनए लागत नाही’ या चार शब्दांत आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला, ‘आता बांधायला कुणाला विचारावं लागत नाही.’

तसं अजिबात नाही. ४२-ब आणि ४२-ड महसूल अधिनियमातली कलमं आहेत, एमआरटीपीच्या परवानगीला ती हातही लावत नाहीत. एनए जमिनीला चिकटतं: हा गट नंबर, एवढं क्षेत्र, अमुक कारणासाठी वापर. जमीन विकली तरी ते तिच्यासोबत जातं. बांधकाम परवानगी मात्र एका ठरावीक नकाशाला असते. इमारत प्लॉटवर कुठे बसणार, चारी बाजूंना सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) किती सोडणार, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम) किती वापरणार, रस्ता किती रुंद, जिना कुठे, हे सगळं त्या नकाशात असतं. तोच प्लॉट ठेवून नकाशा बदलला, तर सुधारित परवानगी घ्यावी लागते. शिवाय तिला मुदत असते: एक वर्ष, आणि काम सुरूच झालं नाही तर मुदतवाढी धरून जास्तीत जास्त चार वर्षं. म्हणजे वडिलांनी केलेलं एनए आज तुमच्या कामाला येतं, पण त्यांनी घेतलेली आणि न वापरलेली बांधकाम परवानगी आता नुसता जुना कागद आहे.

अनेक जुन्या एनए आदेशांच्या अटींमध्ये हेच छापलेलं असतं, की बांधकामापूर्वी सक्षम प्राधिकरणाकडून नकाशे मंजूर करून घ्यावेत. पण लोक पहिल्या पानावरचं क्षेत्र आणि शेवटच्या पानावरची सही बघतात आणि अटींची पानं सोडून देतात.

परिणामही सारखे नाहीत. महसूलचं चुकलं, तर बहुतेक वेळा दंड आणि थकबाकी भरून प्रकरण मार्गी लागतं. एमआरटीपीचं चुकलं तर पाडण्याची नोटीस येऊ शकते आणि कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. सामासिक अंतरात उभी राहिलेली भिंत दंडाच्या पावतीने मागे सरकत नाही.

अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शहरात नगरपालिका किंवा महापालिका, पुण्याच्या भोवताली पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), इतर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, नगररचना विभागाच्या अभिप्रायासह.

आणि कृपा करून ‘ग्रामपंचायत एनए’ हा शब्द वापरू नका. अशी गोष्टच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. त्यात घराची नोंद झाली म्हणजे घरपट्टी लागली, बांधकाम कायदेशीर ठरलं नाही. गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीला परवानगीचे काही अधिकार आहेत, पण ते गावठाणाबाहेरच्या शेतात चालत नाहीत.

प्लॉट घेणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावं. एमआरटीपीच्या व्याख्येत ‘विकास’ म्हणजे फक्त बांधकाम नाही. जमिनीचं रेखांकन आणि पोटविभागणीही त्यात येते. शेतात मुरूम टाकून रस्ते पाडले, चुना मारून दीड-दीड गुंठ्याचे चौकोन आखले, त्यालाही परवानगी हवी. जाहिरातीत ‘टेंटेटिव्ह मंजूर’ (रेखांकनाला तात्पुरती मंजुरी) असेल, तर भूमी अभिलेखची मोजणी आणि अंतिम रेखांकन अजून बाकी आहे, असं समजा. ते झाल्यावर कमी-जास्त पत्रक, म्हणजे प्रत्येक प्लॉटचं क्षेत्र नोंदवणारा भूमी अभिलेखचा कागद, होतं आणि प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. मी स्वतः अंतिम रेखांकनाचा शिक्क्यानिशी नकाशा आणि तो सातबारा बघितल्याशिवाय कुणालाही विसार द्यायला सांगत नाही, मग सनद कितीही जुनी आणि पक्की असो.