नवोदयमधलं मायग्रेशन

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथल्या नववीच्या काही पोरांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये शिकायला पाठवतात, त्याला मायग्रेशन म्हणतात. सरकारी कागदावर राष्ट्रीय एकात्मता असा भारदस्त उद्देश लिहिलेला असतो, होस्टेलमध्ये मात्र 'यंदा मायग्रेशनला कोण कोण चाललंय' एवढीच चर्चा.

नवोदयची सुरुवात 1985-86 मध्ये दोन शाळांपासून झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. आता देशभरात साडेसहाशेच्या आसपास आहेत, तमिळनाडूत मात्र एकही नाही, कारण त्रिभाषा सूत्रातली, म्हणजे शाळेत तीन भाषा शिकवायच्या धोरणातली, हिंदी तिथं चालत नाही. प्रवेश सहावीला परीक्षा देऊन, एका शाळेत साधारण 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण मायग्रेशनला जाणारं पोर बहुतेक वेळा खेड्यातलं असतं, जिल्ह्याच्या गावापलीकडं फारसं काही न बघितलेलं, आणि ते चौदाव्या वर्षी ट्रंक घेऊन थेट यूपी नाहीतर बिहारच्या ट्रेनमध्ये बसतं.

नियम असा की नववीतली 30 टक्के पोरं जायची, हिंदी भागातली बिगरहिंदी भागात आणि तिकडची इकडं, म्हणजे वर्ग पूर्ण भरलेला असेल तर चोवीसेक जण. सातवी-आठवीपर्यंत शिकवणं मातृभाषेतून असतं आणि त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीत, त्यामुळं नववीत शाळा बदलली तरी अभ्यासाचं फार बिघडत नाही. बिघडतं ते बाकीचं.

पहिले एकदोन महिने मेसवरच तक्रार. भाजीला मोहरीच्या तेलाचा वास, शेंगदाण्याचं कूट कुठंच नाही, आणि थंडी अशी की पहाटेच्या पीटीला धुक्यात शेजारचा पोरगा दिसत नाही. त्यात आपली 'मेरे को' वाली हिंदी ऐकून वर्ग हसतो. तिकडून आलेल्या पोराचे हाल वेगळे, त्याला लिपी देवनागरीच असल्यामुळं मराठी वाचता येतं पण 'ळ' म्हणता येत नाही, आणि इथलं झणझणीत कालवण त्याला झेपत नाही. पण दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते. एकाच डॉर्मिटरीत झोपायचं, एकाच हाउसकडून, म्हणजे अरवली, नीलगिरी, शिवालिक किंवा उदयगिरी ह्या शाळेतल्या गटांपैकी एकाकडून, कबड्डी खेळायची आणि हरलो की सगळ्यांनी मिळून हाउसमास्तरांची बोलणी खायची, ह्यात 'बिहारी' आणि 'मराठी' फार काळ टिकत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये मांडलं होतं की दोन गटांतले पूर्वग्रह नुसत्या भेटीनं कमी होत नाहीत, दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एकत्र करायचं हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. नवोदयमध्ये हे आपोआप जुळतं, गणवेश एक, ताट एक, आणि घरी पळून जायची सोय नाही. शाळांच्या गॅदरिंगमध्ये फेटे बांधून 'विविधतेत एकता' दाखवतात त्यापेक्षा हे कितीतरी खरं, कारण इथं समोरच्याचा फक्त सण दिसत नाही, त्याचा आळस, चिडचिड आणि घरच्या आठवणीनं रडणंही दिसतं. परत आलेली पोरं टीव्हीवर परप्रांतीयांवरून वाद सुरू झाला की घरच्यांना मध्येच टोकतात ते ह्यामुळंच, त्यांच्या डोळ्यांपुढं बातमीतली गर्दी नसते, शेजारच्या कॉटवरचा मित्र असतो.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. काही जण वर्षभर आपल्याच गावच्या टोळक्यात राहून मराठीत बोलून परत येतात. मुलींच्या घरून विरोध जास्त असतो, आणि खरं सांगायचं तर ती काळजी अगदीच खोटी नाही, एवढ्या लांब आजारी पडलं तर आईबापाला पोचायलाच दोन दिवस लागतात.

मोठी उणीव रचनेतच आहे. देवाणघेवाण हिंदी-बिगरहिंदी अशीच असल्यामुळं मराठी पोराला मायग्रेशनमध्ये केरळ किंवा मणिपूर मिळतच नाही. हिंदी त्याला थोडीफार आधीपासून येत असते, तिथं जाऊन ती सुधारते एवढंच. एक अख्खी नवी भाषा कानावर घेण्याचं काम पडतं ते हिंदी पट्ट्यातून इकडं आलेल्या पोरावर, आणि त्यातली काही जाताना चांगली खणखणीत वऱ्हाडी बोलत जातात.